देवराईत पारा चालत नाही

"दातसुद्धा?" सरपोतदार सरांनी विचारलं.

"तार हाय न्हवं त्यास्नी?" हौसाक्का म्हणाली. "मंग दातसुदिक."

तिच्या मांडीवरच्या दुरडीत तोवर बऱ्याच वस्तू जमल्या होत्या. माझं घड्याळ, केसांतल्या पिना, पदराची सेफ्टी पिन, छत्री, खोलीची किल्ली. सरांचा पट्टा, सुटे पैसे, पोलादी फ्रेमचा चष्मा आणि खिळे मारलेल्या कोल्हापुरी वहाणा. देवराईच्या तोंडाशी एका दगडावर ती बसली होती, जकात नाक्यावर बसावं तशी. पन्नाशीची असेल. नऊवारीचा घट्ट काष्टा, ठसठशीत कुंकू, आणि समोरचा माणूस काय लपवतोय ते शोधणारी तिरकी नजर. जनाई देवीच्या पूजेचा मान गुरवांच्या या घराकडे होता. नवरा मुंबईला गिरणीत असल्यामुळे तो तीच सांभाळायची.

"अहो, मी प्राध्यापक आहे," सर म्हणाले. "दातांशिवाय बोलू कसा?"

"आत बोलायचंच न्हाई. देवी दुपारची पडल्याली असती."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाडांकडे पाहिलं. मग ते पाठमोरे झाले आणि रुमालात काहीतरी गुंडाळून त्यांनी ते दुरडीत ठेवलं.

"सोनं?" मी कानातल्या कुड्यांना हात लावून विचारलं.

"सोन्याचं देवीला काय वावडं न्हाई. लोखंड न्हाई चालत."

पिना गेल्यामुळे माझा अंबाडा सुटून पाठीवर आला होता. हौसाक्काने आपल्या अंबाड्यातली एक गुळगुळीत बांबूची काडी उपसली. "ही खोवा. जाताना परत द्या."

असे आम्ही आत गेलो. एका हाताने पँट धरलेले, चष्म्याविना चाचपडणारे आणि दातांविना गप्प झालेले धारगिरी संस्थानचे इतिहासकार पुढे, आणि अंबाड्यात दुसऱ्या बाईची काडी खोचलेली मी मागे. सरपोतदार सर इतका वेळ सलग गप्प राहिलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

तेव्हा मी कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. सर इतिहासाचे. धारगिरी हे सह्याद्रीतलं एक चिमुकलं संस्थान. चार डोंगर, दोन खिंडी, आणि नकाशा छापताना नाव बसवायलाही जागा पुरू नये एवढा मुलूख. इंग्रजी अमदानीतल्या धारगिरीचा इतिहास सर लिहीत होते. त्यात त्यांना एक गोष्ट सुटत नव्हती. देवमाळ हे संस्थानातलं सगळ्यांत उंच पठार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे गोऱ्यांसाठी आरोग्यधाम काढायचं, बंगले बांधायचे, पठार संस्थानाकडून ताब्यात घ्यायचं, असं मेजर ब्रँडल नावाच्या पोलिटिकल एजंटाच्या मनात होतं. त्याने दोन उन्हाळे तिथलं तापमान मोजून घेतलं आणि मग शेरा मारला, 'ही जागा युरोपियन माणसास भाजून काढील.' प्रकरण मिटलं.

"पण देवमाळ थंड आहे हो, चांदोरकरबाई!" सर मला स्टाफरूममध्ये म्हणाले होते. "निदान उंचीवरून तरी असायला हवं. मग आकडे एवढे गरम कसे? गोरा माणूस मोजण्यात चुकेल, हे मला पटत नाही."

मलाही पटत नव्हतं. आकडे मी पाहिले होते. सकाळ-दुपारचा चढउतार, ढगाळ दिवसांची घसरण, सगळं जिथल्या तिथे. बनवलेले आकडे इतके चांगले नसतात. ते खरे होते आणि तरीही चुकीचे वाटत होते. अशा गोष्टीचा मला फार त्रास होतो.

म्हणून आम्ही आदल्या दिवशी धारगिरीला पोचलो, आबासाहेबांकडे. शेवटच्या राजांचे हे नातू. संस्थान गेलं होतं. बंगला, जीप आणि मिशा राहिल्या होत्या. माणूस मोकळा आणि आग्रही. दिवाणखान्यात शिरल्या शिरल्या त्यांनी आम्हाला एका भल्या मोठ्या तैलचित्रासमोर उभं केलं.

"हे आमचे पणजोबा, भैरवसिंहमहाराज. आणि ही देवमाळची देवराई."

चित्रात राजेसाहेब गर्द झाडीसमोर अनवाणी उभे होते. त्यांची तलवार एका सेवकाच्या हातातल्या मखमली गादीवर ठेवलेली. शेजारी हॅट घातलेला, लालबुंद ब्रँडलसाहेब. साहेबाच्या मागे दोन हमाल, आणि त्यांच्यामध्ये चार पायांची झडपांची एक पांढरी पेटी.

"देवीच्या रानात लोखंड न्यायचं नाही, ही प्राचीन चाल," आबासाहेब म्हणाले. "तर साहेबाच्या देखत महाराजांनी स्वतःची तलवार उतरवून ठेवली. साहेब चाट पडला. त्याने हॅट काढली म्हणतात."

"काय श्रद्धा!" सर म्हणाले आणि लिहून घेऊ लागले.

"ती पेटी कसली?" मी विचारलं.

"कबुतरांची असेल. साहेबांना नाद असायचे."

ती कबुतरांची नव्हती. हवेचं तापमान मोजताना थर्मामीटरवर ऊन पडू नये म्हणून तो तसल्या पेटीत ठेवतात. चित्रातल्या राजेसाहेबांच्या ओठांच्या कोपऱ्यात चित्रकाराने एक बारीक वळण काढलं होतं, ते मी बघत होते. फार भक्तिभावाचं वाटत नव्हतं ते.

जेवताना आबासाहेबांनी बेत सांगितला. देवमाळवर त्यांना हॉटेल काढायचं होतं, तेही देवराईला लागून. तिथे बारमाही झरा होता. सरकारने देवमाळला थंड हवेचं ठिकाण म्हणून मान्यता दिली तर रस्ता येणार होता, वीज येणार होती. पण त्या खात्याच्या दप्तरात ब्रँडलचे जुने आकडे बसले होते. ते खोडायला नवे आकडे हवे होते, तेही बाहेरच्या, शास्त्र शिकलेल्या माणसाने घेतलेले.

"त्या गोऱ्याने आमच्या डोंगराची बदनामी केली, बाई. तुम्ही ती धुऊन काढायची."

"जे येईल ते लिहीन," मी म्हणाले.

"थंडच येईल! आमच्या पणजीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा दहा वर्षांच्या. अख्खा उन्हाळा देवराईत झोपाळ्यावर काढायच्या. शाल पांघरून!"

"आणि झऱ्याचं पाणी सध्या कुठे जातं?"

"खाली गुरववाडीत. दहा-बारा घरं आहेत, थोडी भातखाचरं. त्यांना आपण टँकर देऊ."

डोंगरावरच्या वाडीला टँकर. सरांनी तेही लिहून घेतलं.

तर दुसऱ्या दिवशी आम्ही देवराईत उभे होतो. आत शिरताच अंगावरचा घाम गार झाला. उन्हाचे कवडसेसुद्धा हिरवे होऊन खाली येत होते. मधोमध देवीचा तांदळा, शेंदूर लावलेला बिनघडीचा दगड, तिच्या पायाशी झरा, आणि झऱ्यावर वाकलेलं एक जुनं जांभळाचं झाड. सर एका दगडाला देवी समजून नमस्कार करत होते. मी त्यांना हाताने खऱ्या देवीकडे वळवलं.

मग मी वर पाहिलं. जांभळाची एक जाड फांदी आडवी गेली होती, हात उंचावला तर बोटं टेकतील एवढ्यावर. तिच्यावर दोन ठिकाणी साल फुगून आली होती, गळ्याला गळू यावं तशी. आणि प्रत्येक फुगवट्यातून काहीतरी काळं बाहेर डोकावत होतं. मी टाचा उंचावून हात लावला. थंड, खरखरीत. साखळीच्या कड्या होत्या. फांदी वर चढत नाही, फक्त जाड होत जाते. जाड होता होता तिने साखळी गिळून टाकली होती. बाहेर उरलेलं कुणीतरी कापून नेलं होतं.

मी वळले. हौसाक्का माझ्याकडेच बघत होती.

"हे लोखंड आहे," मी हळूच म्हणाले.

"व्हय."

"देवराईत लोखंड चालत नाही म्हणालात."

"आत न्यायाचं न्हाई, असा नेम हाय," ती म्हणाली. "ते आतच हाय. त्याच्याबद्दल नेमात काय न्हाई."

सर चाचपडत आमच्याकडे आले. "काऽ झालं?" असं काहीतरी ते दातांविना म्हणाले.

"काही नाही सर. फांदी आहे, डोकं सांभाळा."

बाहेर आल्यावर त्यांना दात, चष्मा आणि वाचा परत मिळाली. ते वाचेने भरपाई करू लागले. मी हौसाक्काजवळ बसले आणि मुद्द्याला हात घातला. परीक्षा संपल्या की मी थर्मामीटर घेऊन येणार होते. मला तो देवराईच्या आत ठेवायचा होता. पेटी लाकडाची करून आणते, खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या मारते. थर्मामीटर काचेचा असतो. लोखंडाचा कणसुद्धा नाही.

हौसाक्काने विचार केला. "काचंत काय असतंय?"

"पारा."

"पारा म्हंजी? धातूच न्हवं?"

खोटं बोलायचं मला सुचतच नाही. "धातूच."

"मंग न्हाई चालत."

"पण नियम लोखंडाचा आहे ना?"

"पाऱ्याचाबी हाय."

"कधीपासून?"

तिने पानाला चुना लावला, ते दुमडलं, गालात ठेवलं. "आत्तापास्नं," ती म्हणाली.

इतक्या सरळ चेहऱ्याने ती हे म्हणाली की मला हसू आवरेना. तिलाही आवरलं नाही. पदर तोंडाला लावून ती हसली, आणि मी खाली मान घालून. सर पलीकडे झाडांची नावं विचारत होते, आणि विचारायला कुणीच नसल्यामुळे स्वतःच सांगत होते.

"दुसराही एक प्रकार असतो," मी म्हणाले. "त्यात पारा नसतो. लाल स्पिरिट असतं."

"इस्पिरिट? म्हंजी दारूच की वो!" हौसाक्का एकदम सात्त्विक संतापाने ओरडली. "देवीच्या रानात दारू? मास्तरीणबाई, शिकल्यासवरल्याली मानसं तुमी!"

सर धावत आले. काय झालं ते मी त्यांना सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "लोखंड, पारा आणि मद्य!" ते वही काढत म्हणाले. "चांदोरकरबाई, लक्षात येतंय का तुमच्या? पारा म्हणजे रसविद्या. नाथपंथ! हा निषेध किमान सहाशे वर्षांचा तरी असणार."

हौसाक्का मान हलवत म्हणाली, "असंल की. आमी कुटं मोजल्यात?"

देवराईच्या बाहेर सगळा उघडा कातळ होता. काळा, सपाट, तव्यासारखा. त्यावर एक चौथरा होता, घडीव दगडांचा, चार कोपऱ्यांत चार खळगे. वाडीतली माणसं त्याला 'सायबाचं जोतं' म्हणायची. मी खळग्यांमधलं अंतर विताने मोजलं आणि चित्रातली पेटी आठवली. साहेबाची पेटी इथे उभी होती. आत जाऊ दिली नाही म्हणून इथे, तव्यावर. आकडे खरे होते. जागा ठरवून दिलेली होती.

त्या रात्री मला फार छान झोप लागली.

एप्रिलात मी परत आले आणि वाडीच्या शाळेच्या खोलीत महिनाभर राहिले. पेटी मी साहेबाच्या जोत्यावर उभी केली. जुन्या आकड्यांशी तुलना करायची तर नवे आकडे त्याच जागेवर घ्यायला हवेत. हे कोणत्याही शास्त्राच्या माणसाला मान्य होईल. मी तसं आबासाहेबांना लेखी कळवलं. त्यांनी तोंडी निरोप पाठवला, की जागा कुठलीही घ्या, देवमाळ थंडच आहे.

कातळ सकाळी नऊलाच तापायचा. दुपारी त्यावर पाय ठेवला की तळव्याला भाकरी भाजल्याचा भास व्हायचा. थर्मामीटर चाळिशीला टेकायचा. मी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन नोंदी करायचे आणि मग धावत देवराईत जायचे. हौसाक्का रोज मला तपासायची. घड्याळ, पिना, पेन. अंबाड्याला मी आता स्वतःचीच काडी लावायचे. आत गेल्यावर ती देवीकडे तोंड करून बसायची, माझ्याकडे पाठ करून, आणि बराच वेळ काहीबाही पुटपुटायची. मी झऱ्यात पाय सोडून जांभळाखाली बसायचे.

"हाटेल झालं तर हितं कोन बसंल?" एकदा तिने पाठमोरीच विचारलं.

"मुंबईचे लोक."

"आन् पानी?"

"वर पंपाने चढवतील. पोहायचा तलाव आहे नकाशात."

"आन् आमी?"

त्याचं उत्तर तिला ठाऊकच होतं. खाली तिच्या खाचरात गुडघ्याएवढं हिरवं उन्हाळी पीक उभं होतं, ते याच धारेवर.

"मास्तरीणबाई, तुमी खोटं लिवत न्हाई न्हवं?"

"नाही."

"कदीच?"

"कधीच."

"मंग अवगड हाय," ती म्हणाली, आणि देवीच्या पुढ्यातली वाळलेली पानं बाजूला करू लागली.

मेच्या मध्यावर आबासाहेब जीप घेऊन वर आले. सोबत पर्यटन खात्याचे देवचके साहेब आणि सरपोतदार सर. देवचके साहेब जाडजूड होते, काठी टेकत लंगडत चालत होते. वेळ भर दुपारची. जीपमधून उतरून कातळावर दहा पावलं टाकेपर्यंत साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला.

"हे थंड हवेचं ठिकाण?" त्यांनी विचारलं.

"आज जरा उकडतंय," आबासाहेब म्हणाले.

मी नोंदींचा कागद पुढे केला. शेजारच्या रकान्यात ब्रँडलचे आकडे होते. साहेबांनी चष्मा पुसून दोन्ही रकाने वाचले.

"हे तर जुळतायत."

"हो," मी म्हणाले. "त्याने बरोबर मोजलं होतं."

आबासाहेबांच्या मिशा थरथरल्या. "अहो बाई, पण तुम्ही मोजलंत कुठे? या तव्यावर! तिकडे झाडीत मोजा की! काय गारवा आहे आत!"

"आत थर्मामीटर नेता येत नाही. लोखंड, पारा आणि..."

"दारू," हौसाक्काने पुरवलं. ती दुरडी घेऊन आपल्या दगडावर बसलीच होती.

"मी स्वतः आत जाऊन बघतो," साहेब म्हणाले. तेवढ्या गारव्याच्या आशेनेच त्यांचा चेहरा उजळला. एकदा ते आत बसले की थर्मामीटरची गरजच उरणार नव्हती.

ते काठी टेकत दगडापर्यंत आले. हौसाक्काने दुरडी पुढे केली. घड्याळ गेलं, पट्टा गेला, पेन, किल्ल्या, लोखंडी टोकाची काठी गेली.

"पाय कशापायी लंगडतोय?" तिने आपुलकीने विचारलं.

"स्कूटरवरून पडलो होतो. सळई बसवलीय आत."

हौसाक्काचा हात थांबला. "सळई? लोखंडाची?"

"स्टीलची."

"अरं देवा." तिने सगळ्या वस्तू एकेक करून त्यांना परत दिल्या, काठी शेवटी. "मंग तुमी हितंच बसा, सायेब. म्या पानी आन्ते."

"काय पोरखेळ आहे!" आबासाहेब गरजले. "साहेब, चला तुम्ही आत. ही चाल आजपासून बंद. मी बंद करतो! माझ्याच घराण्याची देवी आहे ती."

देवचके साहेब एक पाय पुढे टाकून थांबले. हौसाक्काने दुरडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

माझं काम आकड्यांचं. इतिहासाचं नाही. मी सरांकडे वळले. "सर, त्या चित्राविषयी तुम्ही जे लिहिलंय ते साहेबांना सांगा ना. तलवारीचं."

सरांना एवढंच हवं होतं. दात तोंडात होते, चष्मा डोळ्यांवर होता आणि श्रोता लंगडा होता. त्यांनी सुरुवात केली. नाथपंथ, रसविद्या, सहाशे वर्षं. मग भैरवसिंहमहाराज. साक्षात पोलिटिकल एजंट समोर उभा असताना ज्या नृपतीने देवीपुढे आपली तलवार उतरवली, ज्याने साम्राज्याच्या प्रतिनिधीलाही त्या उंबऱ्याबाहेर रोखलं, त्याच्या श्रद्धेची ही भूमी. "आणि हे चित्र," सर म्हणाले, "आबासाहेब हॉटेलच्या माहितीपत्रकावर छापणार आहेत. पहिल्याच पानावर. त्याखाली माझा मजकूर आहे."

"छान," देवचके साहेब म्हणाले. त्यांनी पुढे टाकलेला पाय मागे घेतला. "म्हणजे आबासाहेब, तुमच्या पणजोबांनी साहेबासमोर पाळलं, ते तुम्ही माझ्यासमोर मोडायचं म्हणता? उद्या पेपरात येईल, मंत्र्यांना विचारतील. मला नाही जमणार." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "बाई, आत साधारण किती असेल?"

"माझ्या कागदावर आतली एकही नोंद नाही," मी म्हणाले.

"अंदाज?"

"अंदाज मी करत नाही."

हौसाक्का तांब्याभर झऱ्याचं पाणी घेऊन आली. साहेबांनी अर्धं प्यायलं, अर्धं डोक्यावर ओतलं. "पाणी मात्र गार आहे हो," ते म्हणाले.

"माठातलं हाय," हौसाक्का म्हणाली.

साहेब जीपकडे गेले. सर बोलत बोलत त्यांच्यामागे गेले. आबासाहेब मात्र जोत्यापाशीच उभे राहिले. पेटीच्या झडपांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"ही ती कबुतरांची पेटी," ते म्हणाले.

"हो."

ते विचार करत होते. एखादा मनुष्य विचार करतो तेव्हा त्याच्या मिशा स्थिर होतात हे मी तेव्हा पाहिलं. "बाई, पणजीबाईंचा झोपाळा. त्याला साखळ्या होत्या. रुपेरी घुंगरं लावलेल्या, लोखंडी साखळ्या. आजी सांगायची. त्या देवराईत टांगलेल्या होत्या."

मी पेटीची झडप लावून घेतली.

"म्हणजे गोरा साहेब यायच्या आधी आत लोखंड चालत होतं."

"जांभळाच्या फांदीत दोन कड्या अजून आहेत," मी म्हणाले. "आत रुतलेल्या. तुम्हाला बघायच्या असतील तर दाखवते. पट्टा काढावा लागेल."

ते डोळे बारीक करून देवराईकडे बघू लागले. "म्हणजे प्राचीन चाल बिल काही नव्हतीच. त्या गोऱ्याची पेटी आत जाऊ नये म्हणून महाराजांनी... आणि तलवार काढून ठेवली ती..."

"साहेबाला खरं वाटावं म्हणून."

"आणि हिची कोणी पणजी तिथे दगडावर दुरडी घेऊन बसली असेल."

"शक्यता आहे."

मला वाटलं ते आता चिडतील, देवचके साहेबांना हाक मारतील. हाक मारायचाच अवकाश होता. नियम बनावट होता आणि ते सिद्ध करायला लोखंडाच्या दोन कड्या फांदीत बसल्या होत्या. पण त्यांच्या मिशा पुन्हा हलू लागल्या, आणि मग खांदे हलू लागले. आबासाहेब आवाज न करता हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात अगदी तेच वळण आलं, चित्रातलं.

"थेरडा लबाड होता हो," ते अभिमानाने म्हणाले. "आपली बसायची जागा वाचवली. आणि पणतूचं हॉटेल घालवलं." त्यांनी मिशा पुसल्या. "सरपोतदारांना सांगू नका. पुस्तक छापायला गेलंय."

"ते मला कधी विचारत नाहीत," मी म्हणाले.

जीप खाली उतरून धूळ बसल्यावर मी पेटी उघडली आणि थर्मामीटर कापसात गुंडाळून ठेवला. हौसाक्का येऊन जोत्यावर टेकली. बराच वेळ ती माझ्या अंबाड्याकडे बघत होती.

"म्हैनाभर बगतीया," ती म्हणाली. "तुमची काडी लई चमकती. काचंची हाय का काय?"

मी अंबाड्यातून वीतभर लांबीची ती नळी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. केसांच्या उबेने पारा वर चढला होता. रोज देवराईत गेल्यावर, ती पाठ करून पुटपुटायला बसली की, मी ती काढून जांभळाच्या लोखंडी कडीला दोऱ्याने लटकवायचे. पुटपुटणं संपायच्या बेताला आकडा बघून परत खोचायचे. लिहिला कधीच नाही.

"तरीच म्हटलं," मी म्हणाले, "तुमची पूजा एवढी लांबते कशी."

"काचंला येळ लागतुया म्हनून." तिने नळी उन्हाकडे धरून पाहिली. "मंग? काय म्हनली ही?"

मी तिच्या कानात आकडा सांगितला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग तापलेल्या कातळाकडे, मग झाडीकडे. मग दोन्ही हात गालांवर ठेवून ती अशी हसली की देवराईतले पोपट उडाले.

गेल्या वर्षी मी देवमाळला जाऊन आले. रस्ता अजून नाही. देवराईच्या तोंडाशी वन खात्याने फलक लावला आहे, की येथे प्राचीन प्रथेनुसार लोखंड, पारा व स्पिरिट नेण्यास सक्त मनाई आहे. खाली संदर्भ म्हणून सरपोतदारांच्या पुस्तकाचं नाव आहे. दगडावर हौसाक्काची सून बसलेली होती. तिने माझा मोबाईल मागितला.

"याचाही नियम आहे?" मी विचारलं.

"व्हय बाई."

"कधीपासून?"

तिने माझ्या पांढऱ्या अंबाड्याकडे नीट पाहिलं, आणि मग आपल्या सासूसारखीच पदर तोंडाला लावून म्हणाली, "तुमीच का त्या मास्तरीणबाई? आत्याबाई सांगायच्या. किती वो निगाला व्हता तवा आकडा?"

"तुझ्या सासूने सांगितला नाही?"

"न्हाई. कुनालाच न्हाई."

"मग मीही नाही सांगत," मी म्हणाले, आणि पिना काढून तिच्या दुरडीत टाकल्या.